रूट कॅनाल केलेल्या दाढेवर कॅप बसवावी की दाढ काढून टाकावी? (मदत हवी आहे, पुणे)

नमस्कार.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहते. वय ५२, शाळेत शिक्षिका आहे. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या दाढेबाबत दोन डॉक्टरांनी मला एकमेकांच्या विरुद्ध सल्ले दिले आहेत आणि येत्या शनिवारपर्यंत मला निर्णय कळवायचा आहे. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

या दाढेत सुमारे २० वर्षांपूर्वी चांदी भरली होती आणि एवढ्या काळात तिने कधीही त्रास दिला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी जेवताना ज्वारीच्या भाकरीत खडा आला आणि दाढेची जिभेकडची भिंत चांदीच्या तुकड्यासह तुटून हातात आली. दुखले फारसे नाही, पण राहिलेली कड इतकी धारदार होती की सलग दोन तास शिकवून झाले की जिभेच्या कडेला चरा पडलेला दिसे. चार दिवसांनी गार पाण्याने कळ येऊ लागली, मग रात्रीचा ठणका सुरू झाला आणि घराजवळच्या दवाखान्यात तीन बैठकांमध्ये रूट कॅनाल झाले.

ठणका थांबला तेव्हा उपचार संपले असे मी समजले. वर कॅप बसवावी लागते हे सुरुवातीला कोणी सांगितले नव्हते. शेवटच्या दिवशी तात्पुरते सिमेंट भरून ‘आता कॅपसाठी या’ एवढेच सांगण्यात आले. परीक्षेचे पेपर तपासण्याच्या गडबडीत माझे पाच आठवडे गेले आणि तेवढ्यात मागच्या बाजूचाही एक टवका उडाला. त्याची हळहळ वाटते, कारण हा तुकडा वाचला असता तर कदाचित आज हा प्रश्नच पडला नसता.

आता रूट कॅनाल करणारे ते पहिले डॉक्टर म्हणतात की दाढ फार कमी उरली आहे, ती काढून इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर केलेला कृत्रिम दात) बसवणे चांगले. दुसऱ्या डॉक्टरांनी, जे कॅप आणि कवळ्यांच्या कामातच पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आहेत, खुणा असलेल्या बारीक सळईने हिरडीच्या वर उरलेली दाढ मोजून दाखवली. गालाकडे ३ मिलिमीटर, पुढे आणि मागे २, जिभेकडे मात्र जेमतेम १. कॅपला चारी बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात पकडायला मिळायला हवा, असे त्यांनी सांगितले. बैलगाडीच्या चाकाला बसवलेली लोखंडी धाव जशी लाकडाला फाकू देत नाही, तशीच कॅपची कड दाताला आवळून धरते, हे त्यांचे बोलणे मला नीट समजले. जिभेकडची हिरडी आणि गरज पडल्यास थोडे हाड कमी करून ती उंची मिळवता येईल, मग दाढेच्या मुळाच्या पोकळीत फायबरची पोस्ट (बारीक कांडी) घालून, वर तुटलेल्या भागाच्या जागी भराव करून दाढेचा गाभा बांधून कॅप बसवता येईल, असे त्यांचे मत आहे.

माझा ओढा स्वतःची दाढ राखण्याकडे आहे. परंतु एवढा खटाटोप करून ती दोन वर्षांतच तुटली तर पैसा, वेळ आणि दाढ तिन्ही जाईल, ही भीती आहे. शिवाय मी झोपेत दात खाते, असे घरचे सांगतात. अशा माणसाने कोणती कॅप घ्यावी? मला धातूवर सिरॅमिक असलेल्या कॅपचे ६,००० रुपये आणि झिर्कोनियाचे (एक कठीण, पांढरे सिरॅमिक) १२,००० रुपये सांगितले आहेत. पोस्ट आणि हिरडीचे काम वेगळे. फरक केवळ दिसण्याचा असेल तर मागच्या दाढेसाठी तो खर्च मला पटत नाही.

प्रतिसाद १

मी पुण्यातच दंतवैद्य म्हणून काम करतो. तोंड आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय निश्चित सांगणे योग्य नाही, तरीही आपल्या लिहिण्यावरून दाढ वाचवण्याचा विचार रास्त वाटतो. तीन बाजूंना पुरेसा दात आहे, एकच बाजू कमी पडते आहे. मात्र निर्णय जिभेकडच्या एका मिलिमीटरपेक्षाही मुळांवर अवलंबून आहे, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. दाढेच्या मुळाला उभी चीर आहे का, कारण ती असेल तर कोणतीही कॅप दाढ वाचवू शकत नाही. रूट कॅनाल टोकापर्यंत नीट भरले गेले आहे का, कारण तात्पुरत्या सिमेंटखाली पाच आठवडे काढल्यावर आत लाळ झिरपलेली असू शकते आणि मग ते आधी पुन्हा करावे लागते. आणि हाड कमी केल्यावर दोन मुळे जिथे वेगळी होतात तो दुभाग उघडा पडणार नाही ना. खालच्या पहिल्या दाढेत तो हिरडीपासून फार खोल नसतो आणि तो उघडा पडला की तिथली सफाई कायमची अवघड होते.

पोस्टबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. पोस्ट दाढेला बळकटी देत नाही, ती फक्त वर बांधलेला गाभा धरून ठेवते. आपल्या तीन भिंती शाबूत असतील तर पोस्टची गरज आहे का, हेही अवश्य विचारा.

आपण झोपेत दात खात असल्याने धातूवरचे सिरॅमिक टवके उडण्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. अखंड झिर्कोनिया अधिक टिकाऊ असते आणि तिच्यासाठी दाढ वरून घासून साधारण १ मिलिमीटर जागा केली तरी पुरते, तर धातू-सिरॅमिकला दीड ते दोन लागते. मात्र चावा जुळवण्यासाठी ती घासली तर पुन्हा गुळगुळीत करून घ्यावी. खरबरीत राहिली तर समोरचा दात झिजतो. रंग चालणार असेल तर पूर्ण धातूची कॅप मागच्या दाढेसाठी आजही अतिशय भरवशाची आहे. कोणतीही घेतलीत तरी रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरण, म्हणजे नाइट गार्ड, करून घ्या.

इम्प्लांट वाईट नाही, पण दाढ काढली की ती परत येत नाही, इम्प्लांट मात्र पुढेही करता येते. खर्चाचा ताण असेल तर धनकवडीतील भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात चौकशी करा. महाविद्यालयात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो.

लेखिकेचा प्रतिसाद

मनापासून आभारी आहे. काल दुसऱ्या डॉक्टरांकडे नवा एक्स-रे काढला. चीर दिसली नाही, पण एका मुळाचे भरण टोकापर्यंत पोचलेले नाही, म्हणून आधी ते पुन्हा करायचे ठरले आहे. पोस्टचा निर्णय त्यांनी गाभा बांधताना घ्यायचा ठेवला आहे. पूर्ण धातूची कॅप मी मागितल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. आता एकच विचारायचे राहिले: हिरडीचे काम झाल्यावर ती पूर्ण भरून येईपर्यंत तात्पुरत्या कॅपवर काही आठवडे काढावे लागतील, त्या काळात त्या बाजूने काय चावणे टाळावे?