विंडोजच्या सेटिंग्जचे शॉर्टकट देणारी युटिलिटी घ्यावी, की स्वतःच जमवावे?

कळफलक (प्रश्न)

विंडोज ११ प्रो, ६४ बिट, लॅपटॉप. रोज लागणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: वायफाय अ‍ॅडाप्टर बंद करून परत चालू करणे, साउंडच्या जुन्या खिडकीतला रेकॉर्डिंग टॅब, पॉवर प्लॅन बदलणे, डिव्हाइस मॅनेजर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅम वाचतात ती नावं आणि त्यांच्या ठरवून दिलेल्या किमती) आणि एका दाबात स्लीप. सेटिंग्ज अ‍ॅपमधून यातल्या प्रत्येक जागी पोचायला चार-पाच क्लिक लागतात आणि अपडेटनंतर रस्ता कधीकधी बदललेला असतो.

यासाठी एक फुकट युटिलिटी लावली. छोट्या खिडकीत पन्नासेक बटणं आहेत. तीन अडचणी आल्या. काही बटणं दाबली की 'फाईल सापडली नाही' असं येतं, पण तीच कमांड रनमध्ये (विंडोज आणि आर दाबून उघडणाऱ्या खिडकीत) टाइप केली की चालते. काही बटणं भलतंच पान उघडतात. आणि युटिलिटी सुरू करतानाच अ‍ॅडमिनची परवानगी मागते. हा दोष त्या युटिलिटीचा की विंडोजचा? दुसरी चांगली युटिलिटी आहे, की हे सगळं हाताने करता येतं?

---

सुतारपक्षी

तिन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत.

'फाईल सापडली नाही' हे जवळजवळ नक्की ३२ बिटचं दुखणं. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर चालतो तेव्हा त्याने सिस्टम३२ फोल्डर मागितलं तरी विंडोज त्याला गुपचूप सिसवाव६४ हे फोल्डर दाखवते. सिस्टमची काही साधनं फक्त सिस्टम३२ मध्येच असतात, डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची मॅनेज-बीडीई ही कमांड हे त्याचं उदाहरण. प्रोग्रॅम शोधतो दुसऱ्याच घरात, मग सापडणार कसं? रन खिडकी एक्सप्लोररची, म्हणजे ६४ बिटची, त्यामुळे तिथे तीच कमांड चालते. खात्री करायची तर युटिलिटी चालू असताना टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्समध्ये 'प्लॅटफॉर्म' निवडा आणि ३२ बिट दिसतं का बघा. अशा युटिलिटीत कमांड बदलायची सोय असेल तर मार्गात सिस्टम३२ च्या जागी सिसनेटिव्ह लिहा. हे नाव फक्त ३२ बिटच्या प्रोग्रॅमलाच दिसतं आणि त्याला खऱ्या फोल्डरात नेतं.

भलतं पान उघडतं कारण मायक्रोसॉफ्ट कंट्रोल पॅनलमधली पानं सेटिंग्ज अ‍ॅपमध्ये हलवत आली आहे. कंट्रोल पॅनलचं 'सिस्टम' पान विंडोज १० च्या २०२० सालच्या २०एच२ आवृत्तीपासून सेटिंग्जमधल्या 'अबाउट'वर जातं. आणि सेटिंग्ज अ‍ॅपला न कळणारा पत्ता दिला तर ते चूक दाखवत नाही, आपलं पहिलं पान उघडून मोकळं होतं. म्हणून 'बटण बिघडलंय' हे चटकन लक्षात येत नाही.

अ‍ॅडमिनची परवानगी मात्र सरळ आळस आहे. पन्नासपैकी दोन-तीन बटणांना अधिकार लागतात, म्हणून सगळा प्रोग्रॅमच अधिकार मागून सुरू होतो. मग त्यातून उघडलेला प्रत्येक साधा प्रोग्रॅमही अ‍ॅडमिनच्या अधिकारांनीच चालू राहण्याची शक्यता. हे एकच कारण ती युटिलिटी काढून टाकायला पुरेसं आहे.

---

आडवीरेघ

तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींना युटिलिटी लागतच नाही. खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना तीच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, चिन्हं जशीच्या तशी.

नेटवर्क अ‍ॅडाप्टरची खिडकी: एनसीपीए.सीपीएल
डिव्हाइस मॅनेजर: डीईव्हीएमजीएमटी.एमएससी
थेट रेकॉर्डिंग टॅब: कंट्रोल एमएमएसवायएस.सीपीएल,,१
एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स: रनडीएलएल३२ एसवायएसडीएम.सीपीएल,एडिटएन्व्हायर्नमेंटव्हेरिएबल्स

तिसऱ्यातले दोन स्वल्पविराम विसरू नका. शेवटचा आकडा टॅबचा, मोजणी शून्यापासून: ० प्लेबॅक, १ रेकॉर्डिंग. चौथ्यात एडिट, एन्व्हायर्नमेंट आणि व्हेरिएबल्स हे तीन शब्द न तोडता लिहायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. इथे लहान-मोठ्या अक्षराने फरक पडतो, बाकी ठिकाणी पडत नाही. ही खिडकी साध्या अधिकारांनी उघडली की वरचे म्हणजे स्वतःच्या खात्याचे व्हेरिएबल बदलता येतात, खालच्या सिस्टम भागाची बटणं पुसट दिसतात. तो बिघाड नाही. बदल केल्यावर आधीपासून उघड्या कमांड खिडकीला नवी किंमत कळत नाही, ती बंद करून नव्याने उघडा.

शॉर्टकट करायला डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट, आणि वरची कमांड रोमन अक्षरांत लिहा. सेटिंग्ज अ‍ॅपच्या पानांचे पत्ते एमएस-सेटिंग्ज: असे सुरू होतात, उदाहरणार्थ एमएस-सेटिंग्ज:डिस्प्ले किंवा एमएस-सेटिंग्ज:ब्लूटूथ. कोलनच्या आधी-नंतर जागा सोडायची नाही. मात्र असा पत्ता थेट दिला तर विंडोज त्याचा वेबपत्त्यासारखा शॉर्टकट बनवते आणि तो टास्कबारवर पिन होत नाही. आधी एक्सप्लोरर हा शब्द, एक जागा आणि मग पत्ता असं लिहिलं की खरा शॉर्टकट तयार होतो.

आता कळ. शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'शॉर्टकट की' या रकान्यात नुसतं एक अक्षर दाबा, कंट्रोल आणि अल्ट आपोआप लागतात. ही कळ शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूच्या फोल्डरात असेल तरच चालते. दुसऱ्या फोल्डरात हलवलात की रकान्यात कळ दिसत राहते, पण दाबल्यावर काही होत नाही. डेस्कटॉप मोकळा ठेवायचा तर रनमध्ये शेल:प्रोग्रॅम्स लिहा, उघडलेल्या फोल्डरात 'सेटिंग्ज शॉर्टकट' असं उपफोल्डर करा आणि सगळे तिथे टाका.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी एक बघून घ्यावं. बऱ्याच कीबोर्ड मांडणींत उजवी अल्ट म्हणजे कंट्रोल आणि अल्ट एकत्र. त्या मांडणीत एखादं चिन्ह उजव्या अल्टने उमटत असेल आणि तेच अक्षर तुम्ही शॉर्टकटला दिलं असेल, तर चिन्हाऐवजी खिडकी उघडते. जी कळ टायपिंगला लागत नाही तीच निवडा.

---

खटपट्या

वरचं उत्तर पान उघडण्यापुरतं आहे. प्रश्नातल्या तीन गोष्टी मात्र *बदलायच्या* आहेत: अ‍ॅडाप्टर, पॉवर प्लॅन, स्लीप. हा फरक आधी मनात स्पष्ट करून घ्या, कारण युटिलिटी निवडताना लोक इथेच फसतात. पान उघडायला कसलेही अधिकार लागत नाहीत. बदल एका दाबात हवा असेल तर त्या बदलाची कमांड आणि बऱ्याचदा अ‍ॅडमिनचे अधिकार, दोन्ही लागतात.

पॉवर प्लॅन सोपा आहे. पॉवरसीएफजी /लिस्ट दिलं की तुमच्या मशीनवरचे प्लॅन दिसतात, चालू प्लॅनपुढे तारा असतो. बदलायला पॉवरसीएफजी /सेटअ‍ॅक्टिव्ह आणि पुढे प्लॅनचा लांबलचक क्रमांक, किंवा ठरलेली टोपणनावं: स्कीम_मिन, स्कीम_बॅलन्स्ड, स्कीम_मॅक्स. यात हमखास गल्लत होते. मिन म्हणजे कमीत कमी वीजबचत, म्हणजेच हाय परफॉर्मन्स. मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त बचत, म्हणजे पॉवर सेव्हर. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर यादीत फक्त बॅलन्स्ड असतो. तिथे या कमांडच्या मागे न लागता एमएस-सेटिंग्ज:पॉवरस्लीप हे पान उघडून तिथला पॉवर मोड बदला.

अ‍ॅडाप्टर बंद करून चालू करायला पॉवरशेलमध्ये (विंडोजच्याच कमांड-खिडकीत) एकच कमांड पुरते: रिस्टार्ट-नेटअ‍ॅडाप्टर -नेम आणि अवतरणात अ‍ॅडाप्टरचं नाव. नाव एनसीपीए.सीपीएल मध्ये दिसतं तेच, अक्षर न अक्षर. ड्रायव्हर काढून परत टाकला की 'वायफाय'चं कधीकधी 'वायफाय २' होतं आणि शॉर्टकट बंद पडतो. कमांड तीच असते, नाव बदललेलं असतं. दूरच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करत असाल तर अ‍ॅडाप्टर नुसता 'डिसेबल' करणारी कमांड देऊ नका. जोडणी तुटली की परत चालू करायला तिथे माणूसच लागेल.

या कमांडला अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत. दरवेळची परवानगीची खिडकी टाळायची तर टास्क शेड्युलरमध्ये 'क्रिएट टास्क' घ्या, 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण करा, ट्रिगर रिकामा ठेवा, अ‍ॅक्शनमध्ये पॉवरशेल आणि वरची कमांड. मग शॉर्टकटचं टार्गेट: एससीएचटास्क्स /रन /टीएन आणि अवतरणात टास्कचं नाव. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन' समोर 'मिनिमाइज्ड' ठेवलं की काळी खिडकी डोळ्यांपुढे चमकत नाही.

लॅपटॉपवर इथे एक खोच आहे. 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'फक्त वीजजोडणी असतानाच सुरू करा' या अर्थाची खूण आधीपासून लावलेली असते. ती काढली नाही तर चार्जर लावलेला असताना सगळं व्यवस्थित, आणि बॅटरीवर शॉर्टकट दाबला की काहीच होत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

---

सुतारपक्षी

टास्क शेड्युलरची युक्ती बरोबर आहे, पण तिला एक अट जोडतो. अ‍ॅक्शनमध्ये डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवरची बॅच फाईल (कमांडची यादी असलेली फाईल) कधीही देऊ नका. ती फाईल तुमच्या साध्या खात्यातला कुठलाही प्रोग्रॅम बदलू शकतो, आणि टास्क ती अ‍ॅडमिनच्या अधिकारांनी चालवतो. म्हणजे परवानगीची खिडकी तुमच्यासाठी बंद केलीत आणि घुसखोरासाठी दार उघडलंत. कमांड थेट अ‍ॅक्शनमध्येच लिहा. फाईल लागतच असेल तर ती प्रोग्रॅम फाईल्समध्ये ठेवा, तिथे लिहायलाच अ‍ॅडमिन लागतो.

---

दोनटिंबं

तयार साधनच हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज बघा, फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्यातलं रन हे शोधखिडकीचं साधन अल्ट आणि स्पेसने उघडतं. डॉलरचं चिन्ह टाइप करून पुढे सेटिंगचं नाव लिहिलं की थेट ते पान. पानांचे पत्ते पाठ करावे लागत नाहीत, हा मोठा फायदा. तोटा असा की ते सतत पार्श्वभूमीत चालू राहतं. सहा ठरलेल्या जागांसाठी मला हे जास्त वाटतं, पण रोज वेगवेगळ्या तीसेक जागी जाणाऱ्याला याला पर्याय नाही.

ऑटोहॉटकी हे स्क्रिप्ट लिहून कळा ठरवायचं साधन जास्त मोकळीक देतं, विंडोज कळीसकट कुठलीही जोडी लावता येते. फक्त नेटवर सापडलेली स्क्रिप्ट चिकटवण्याआधी ती पहिल्या आवृत्तीची की दुसऱ्या, ते पाहा. दोन्हींचं व्याकरण वेगळं आहे. दुसऱ्या आवृत्तीत रन नंतरचा पत्ता अवतरणात लागतो, पहिलीत लागत नाही.

आणि काहीही न बसवता सगळी यादी एकाच जागी हवी तर ते जुनं फोल्डर आहेच. नवं फोल्डर करा, नाव द्या: यादी, मग टिंब, मग महिरपी कंसात ईडी७बीए४७०-८ई५४-४६५ई-८२५सी-९९७१२०४३ई०१सी. एंटर दाबताच नाव नाहीसं होऊन कंट्रोल पॅनलचं चित्र आलं तर जमलं. नाव तसंच दिसत राहिलं तर टिंब राहिलं असेल, कंस चुकला असेल किंवा शून्याच्या जागी ओ पडला असेल. आत दोनशेच्या वर नोंदी असतात आणि त्यातली कुठलीही ओढून डेस्कटॉपवर टाकली की तिचा शॉर्टकट होतो. त्यासाठीच हे फोल्डर उपयोगी. रोज उघडून त्यात शोधत बसायला नाही.

---

कळफलक

युटिलिटी ३२ बिटचीच निघाली, काढली. पहिले चार शॉर्टकट आणि अ‍ॅडाप्टरचा टास्क चालतोय, बॅटरीवरसुद्धा. स्लीप मात्र राहिलं. सगळीकडे दिलेली रनडीएलएल३२ पॉवरप्रॉफ.डीएलएल,सेटसस्पेंडस्टेट ०,१,० ही कमांड वापरली, तर मशीन झोपण्याऐवजी हायबरनेट होतं, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद होतं. आकडे बदलून पाहिले, फरक नाही.

---

खटपट्या

आकड्यांनी फरक पडणारच नाही. रनडीएलएल३२ पुढचा मजकूर त्या फंक्शनला आकडे म्हणून देतच नाही. ते आपल्या ठरावीक पद्धतीने चार गोष्टी पुढे सरकवतं, त्यातली पहिली खिडकीचा क्रमांक. फंक्शन त्या पहिल्या जागी 'हायबरनेट करू का?' याचं उत्तर शोधतं, तिथे शून्य नसेल ते काहीही 'हो' समजतं. म्हणून हायबरनेट सुरू असलेल्या मशीनवर ते हायबरनेटच होतं. ज्यांच्याकडे ही कमांड 'बरोबर' चालते त्यांच्याकडे हायबरनेट बंद असतं, इतकंच.

पॉवरसीएफजी /एच ऑफ देऊन हायबरनेट बंद करता येतं, पण त्याबरोबर मशीन चटकन सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही जातं, आणि बॅटरी संपत आल्यावर उघडं काम डिस्कवर जपून ठेवायची सोयही. लॅपटॉपवर ते करू नका.

त्यापेक्षा विंडोज आणि एक्स, मग यू, मग एस, अशा कळा एकामागून एक दाबा. इंग्रजी विंडोजवर हा क्रम थेट स्लीपला नेतो, काही बसवावं लागत नाही. एकाच चित्रावर क्लिक हवं असेल तर निरसॉफ्टची निरसीएमडी घ्या, टार्गेटमध्ये तिच्या पुढे स्टँडबाय लिहा. काही अँटिव्हायरस तिला अडवतात, कारण अशी छोटी साधनं घातक प्रोग्रॅमही वापरतात. म्हणून ती फक्त तिच्या मूळ साइटवरूनच उतरवा.