सिलिका जेल दोन महिन्यांत गुलाबी, तेल गाळायचे का?

खाडीकाठ (वेंगुर्ला): ११ केव्हीचा, १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, समुद्राजवळ. पावसाळ्यात ब्रीदरमधले (ट्रान्सफॉर्मरच्या आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातले) जेल ओलावा शोषून दोन महिन्यांत निळ्याचे गुलाबी होते. नुसते जेल बदलावे की तेलही गाळावे?

तेलतपासणी: आधी ब्रीदरच्या तळाचा तेलाचा कप बघा. तो कोरडा असेल तर दमट हवा थेट आत जाते, नवे जेलही टिकणार नाही. रंग खालून वर बदलत गेला तर ठीक. वरून सुरू झाला तर वरच्या जोडातून हवा शिरते आहे, गॅस्केट बदला. तेलाचा नमुना कोरड्या दिवशी, तळाच्या व्हॉल्व्हमधून, सुरुवातीचे तेल सोडून देऊन घ्या. चाचणीत २.५ मिमी अंतरावरच्या इलेक्ट्रोडमध्ये बीडीव्ही (तेल ज्या व्होल्टेजला फुटून ठिणगी पडते तो आकडा) ३० केव्हीखाली आला तरच तेल गाळा.

मीठवारा: बुशिंग (तारा टाकीत जातात तिथले चिनी मातीचे इन्सुलेटर) विसरू नका, किनाऱ्यावर खरा घात तिथेच. उन्हाळाभर मीठ साठते. मुसळधार पाऊस ते धुतो, पण पहिली रिमझिम नुसते ओले करते आणि फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे बुशिंगच्या पृष्ठभागावरून ठिणगी उडते. मेअखेर सप्लाय बंद करून, दोन्ही बाजूंना अर्थिंग लावून पुसून घ्या. नवे बुशिंग घेताना क्रीपेज (बुशिंगच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) ३१ मिमी प्रति केव्ही धरा; ११ केव्ही लाइनचे कमाल व्होल्टेज १२ केव्ही, त्याला ३७२ मिमी.

खाडीकाठ: कप कोरडाच निघाला. जुने जेल तापवून चालेल?

तेलतपासणी: चालेल, १२० अंशांच्या आसपास, निळे होईपर्यंत. त्यात कोबाल्ट असते, स्वयंपाकाचे भांडे नको.