‘आपण कधी कुणावर चालून गेलो नाही’ म्हणे!

आंबटचुका
माहेरच्या ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकलंय. गोऱ्यांच्या शाळेत इतिहास म्हणजे साम्राज्याची आरती, आपली पूर्वेची संस्कृती सोशिक, आपण हजारो वर्षांत कुणावर चालून गेलो नाही, तरी आपल्याच पोरांना आपले पराभव शिकवतात वगैरे. मामांना उलटून बोलता येत नाही म्हणून इथे ओकतेय.

लेक इथे इंग्लंडात आठवीला आहे. आरती कुठली, विषयच टाळतात. ११ ते १४ वयात नाव घेऊन सक्तीचं असं एकच, ज्यूंचं हत्याकांड, म्हणजे पाप जर्मनांचं. बाकी मोठमोठे कालखंड दिलेत, त्यातलं काय घ्यायचं ते शाळा बघते. आठव्या हेन्रीच्या सहाही बायका पोरीला क्रमाने पाठ आहेत, १९४३चा बंगालचा दुष्काळ मात्र माझ्याकडून कळला. चौदाव्या वर्षी तर इतिहास सोडूनच देता येतो. म्हणजे मामांचा राग अर्धा बरोबर.

पण ‘चालून गेलो नाही’? ऑफिसात एक बंगाली मैत्रीण आहे, तिच्या आजीची अंगाई अशी, की बाळ झोपलं, वस्ती निजली, बर्गी आले, धान बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशाने भरू? मी विचारलं बर्गी म्हणजे काय, बागुलबुवा का? तर म्हणाली, तुम्ही. मराठे. १७४०च्या दशकात बंगाल लुटायला आलेले. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, त्याचं बर्गी! चौथीपासून दहावीपर्यंत हा शब्द एकदाही कानावर पडला नव्हता.

गडकोट
झालं, मराठ्यांना झोडपायचा साप्ताहिक धागा निघाला. ताई, चौथाई हा त्या काळचा रीतसर हक्क होता. आणि तुमच्या मैत्रिणीच्या आजीने हे सांगितलं का, की बंगालचा नवाब अलीवर्दी स्वतःच मालकाला मारून गादीवर बसला होता, आणि १७४४ मध्ये मराठ्यांचे सेनापती भास्करपंत यांना बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावून त्यांची आणि बरोबरच्या सरदारांची कत्तल केली? शिवाय आपल्याच देशातली मोहीम, तिला आक्रमण म्हणायचं?

बिनफोडणीचं वरण
‘आपलाच देश’ हे बंगालातल्या बर्द्धमानच्या शेतकऱ्याला घर पेटताना कुणी सांगितलं होतं का? इंग्रजांनी १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, लोकवर्गणीतून, त्याला नावच मराठा डिच. पुरा झाला नाही तो भाग वेगळा. पाहुण्यांसाठी कुणी खंदक खणतं होय?

नागपुरी संत्रं
बघा, बंगालवर ही फौज धाडणाऱ्या नागपूरच्या रघूजी राजे भोसल्यांची आठवण कधी येते तर शिव्या घालायला. एरवी मराठ्यांचा इतिहास म्हणजे पुणे, शनिवारवाडा आणि पानिपत. माझ्या वेळच्या पुस्तकात पानिपताला अख्खा धडा आणि नागपूरला दोन ओळी, त्यातही एक ओळ चुकीची. अलीवर्दीशी १७५१च्या तहात बारा लाख सालाना आणि ओडिशा मिळवला, तो १८०३च्या देवगावच्या तहापर्यंत पन्नास वर्षं सांभाळला, पुरीच्या जगन्नाथाची व्यवस्था बघितली, तिथल्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून मराठ्यांच्याच काळात आला. किती पुणेकरांना माहिती आहे? नववीत मी रघूजींवर दीड पान लिहिलं होतं, बाईंनी लाल पेनाने ‘विषयांतर’ लिहून अर्धा मार्क दिला. आज पंचेचाळीस वर्षांचा आहे, तो अर्धा मार्क विसरलो नाही.

पेठेतला
नागपूरकरांना पुस्तकात जागा हवी असेल तर १७६३चं पण घ्या मग. निजामाला बरोबर घेऊन पुणं कुणी लुटलं? जानोजी भोसल्यांनीच ना?

नागपुरी संत्रं
आणि माधवरावांच्या फौजेने नागपूर लुटलं तेव्हा काय हळदीकुंकवाला आली होती?

बिनफोडणीचं वरण
वा वा. ‘आपण कधी कुणावर चालून गेलो नाही.’ चालू द्या.

ओसाका रिटर्न
मूळ मुद्द्यावर थोडं. पूर्व-पश्चिम करून काहीच हाती लागत नाही. जर्मनी पश्चिमेचीच ना, तिथे आजोबांनी काय केलं ते शाळेत शिकावंच लागतं. जपान पूर्वेचा. तिथे साबुरो इएनागा नावाच्या प्राध्यापकाने १९६५ मध्ये सरकारवर पहिला खटला भरला, कारण त्याच्या पाठ्यपुस्तकातला युद्धाचा भाग मवाळ करायला लावत होते. शेवटचा निकाल १९९७ला लागला, त्यात युनिट ७३१चा, म्हणजे कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या जपानी लष्करी तुकडीचा, उल्लेख काढायला लावणं बेकायदा ठरलं. बत्तीस वर्षं! मी तीन वर्षं तिथे होतो, सोबतच्या मुलांना हिरोशिमा तपशीलवार माहीत, जपानी सैन्याने चीनमधल्या ज्या शहरात कत्तल केली त्या नानजिंगचं नाव काढलं की चहा आणायला उठायचे.

पेठेतला
@नागपुरी संत्रं, माधवरावांनी धडा शिकवला त्याला लूट म्हणत नाहीत.

ओसाका रिटर्न
बरं. कुणी वाचलं का वरचं?

गडकोट
वाचलं. जपानचं जपान बघेल. माझं म्हणणं एवढंच की बर्गीच्या गोष्टी आल्या कुठून, इंग्रजांच्या आणि नवाबाच्या दरबारी लोकांच्या लिहिण्यातून. त्यांना मराठे राक्षस दाखवायचेच होते.

बिनफोडणीचं वरण
गंगाराम कुठल्या दरबारातला? त्याच काळात बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं त्याने. आणि तो सुरुवातीला चक्क आपल्या बाजूचा आहे हो! पाप फार माजलं म्हणून शंकरच शाहूराजाला प्रेरणा देतो आणि फौज निघते. पुढे तीच फौज ब्राह्मण, वैष्णव, बायाबापड्या कुणालाच सोडत नाही, तेव्हा देवी आपल्यावर उलटते आणि भास्करपंत मरतात. हिंदू कवी, देव आपल्या पार्टीत, तरी हे लिहिलंय.

गडकोट
…हे माहीत नव्हतं. ठीक आहे, गावं जळली, बायकांवर अत्याचार झाले, लिहा पुस्तकात. पण मग तंबूतला दगाही लिहा, आणि इंग्लंडच्या पुस्तकात दुष्काळही येऊ दे, नुसती आपल्यालाच कबुलीजबाबाची हौस नको.

आंबटचुका
मग मी दुसरं काय म्हणतेय? दुष्काळाचं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तुम्ही तिथवर पोचायच्या आत ढाल-तलवार काढलीत.

गडकोट
वाचलं होतं. सूर आवडला नाही तुमचा.

नागपुरी संत्रं
एक विचारायचं राहिलं. दगा लिहाल तेव्हा भास्करपंत कोल्हटकर कुणाचे सरदार होते तेही लिहाल ना? नाहीतर परत पेशव्यांच्या खात्यावर जातील.

पेठेतला
गावं जाळल्याचं खातं तुम्हालाच लखलाभ, ते आम्हाला नको.

आंबटचुका
धाग्याचं नाव बदलून ‘नागपूर विरुद्ध पुणे’ करू का?

नागपुरी संत्रं
करा. नागपूर आधी लिहिलंत, आभारी आहे.