"कारणं देणं सोडा" म्हणणाऱ्यांनो, आधी पुण्यात पेठेत एक वर्ष कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या एका खाटेच्या भाड्यावर, राहून दाखवा

शास्त्री_रोडचा_चहा:
काल आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एका दादाने लांबलचक पोस्ट टाकली. दादा एमपीएससीतून एसटीआय (कर निरीक्षक) होऊन बरीच वर्षं झाली, आता साहेब. सार काय तर परीक्षा पुढे गेली, पेपर फुटला, क्लास बोगस निघाला, घरची परिस्थिती नाही, ही सगळी रडगाणी, ज्याला व्हायचं असतं तो होतोच, आपल्या आयुष्याला आपणच जबाबदार. खाली अठ्ठावीस अंगठे. अंगठे देणाऱ्यात आमच्याच अभ्यासिकेतली चार पोरं, जी रोज टपरीवर आयोगाच्या नावाने खडे फोडतात!

दोन तास रिप्लाय टाइप केला आणि पुसला, म्हटलं इथेच लिहू. दादा, 5 एप्रिल 2020 ची एमपीएससीची पूर्व परीक्षा 21 मार्च 2021 ला झाली. मधे तारीख किती वेळा हलली ते मोजायचंसुद्धा सोडून दिलं होतं पोरांनी. 14 मार्चची तारीख तर तीन दिवसांवर आली असताना रद्द केली, पोरं रस्त्यावर बसली तेव्हा कुठे 21 मिळाली. त्याच वर्षी आरोग्य भरतीचा पेपर फुटला, डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री उशिरा रद्द, पोरं एसटीत बसून सेंटरच्या गावी पोचलेली. तलाठी भरतीत नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणणं) करून 200 पैकी 214 मार्क पडले. यातलं माझ्या हातात काय होतं सांगा. रूमभाडं, मेस, अभ्यासिका, महिना दहा हजार बाप पाठवतो, तो काय मी कारणं द्यावीत म्हणून पाठवतो?

ठिबकवाला:
यादी खरी आहे. एकही तारीख चुकली नाही तुझी. आता मेन्सचे (मुख्य परीक्षेचे) मार्क पण असेच तोंडपाठ सांग.

चिडू नकोस, मी 2012 ते 2018 तिथेच होतो. कट ऑफ लागला की घरी फोन करून सांगायचो "दोन मार्कांनी गेलं". आईने ते गावभर सांगितलं, लग्नाकार्यात लोक भेटले की हळहळायचे, अरेरे दोनच मार्क. खरं म्हणजे 31 ने गेलं होतं. एकतीस. त्या वर्षी परीक्षा वेळेवर झाली होती, पेपर फुटला नव्हता, काहीच झालं नव्हतं. मी सकाळी अकराला अभ्यासिकेत जायचो, एकला मेस, मग झोप, पाचला चहा, चहा सातला संपायचा. सिस्टिम नालायक आहेच रे, पण माझे ते 31 मार्क सिस्टिमने नाही खाल्ले.

शेवटी गावी आलो, ठिबकचं दुकान टाकलं. तुझ्याकडे पण जमीन असेल की. परत ये.

कांदा_चाळ:
वा. "परत ये, जमीन आहे." हे कोण सांगतंय तर पाइप विकणारा 😂 शेतकऱ्याला माल विकणारे सगळे सुखी, शेतकरी सोडून.

आलो होतो ना मी परत. इंजिनिअरिंग केलेलं, पुण्यातली नोकरी सोडून, अगदी ती जबाबदारी वगैरे घेऊन. 2023 ला लाल कांदा लावला, डिसेंबरात काढला, व्यापारी क्विंटलला साडेतीन हजार म्हणत होता. 8 डिसेंबरला निर्यातबंदी. ट्रॅक्टर भरून उभा. आठवड्यात भाव दीड हजारावर. आता यात मी कुठे कारण देतोय ते त्या एसटीआय साहेबाला विचारून सांगा.

हसतमुख_पुणेकर:
भाव पडला तर थांबायचं ना थोडं, चाळ कशासाठी असते? तुमच्या तर नावातच चाळ आहे. सगळ्यांनी एकदम विकायला आणायचा आणि मग रडायचं, हेच तर मूळ पोस्टवाले दादा म्हणतायत.

कांदा_चाळ:
अहो पुणेकर, लाल कांदा टिकत नाही. चाळीत उन्हाळ कांदा ठेवतात, जो मार्च एप्रिलला निघतो. लाल ठेवला तर महिन्यात कोंब येतात आणि वास तुमच्या सोसायटीपर्यंत येईल. भज्यात दोन्ही सारखेच लागतात म्हणून एवढं ज्ञान.

हसतमुख_पुणेकर:
मग उन्हाळच लावा.

कांदा_चाळ:
पाणी तुम्ही पाठवता का टँकरने?? उन्हाळ निघाला तेव्हाही बंदी चालूच होती. 31 मार्चपर्यंत म्हणाले होते, उठली मे महिन्यात, ती पण 40 टक्के शुल्क लावून.

ठिबकवाला:
टँकर कशाला, ठिबक आहे की. अनुदान पण आहे.

कांदा_चाळ:
ते अनुदान खात्यावर यायला किती महिने लागतात ते तुझ्या दुकानातल्या उधारीच्या वहीत बघ.

ठिबकवाला:
हे मात्र खरंय. वही दाखवली तर मलाच रडू येईल.

मधला_बाक:
धागा एमपीएससीचा आहे की लासलगाव मार्केट कमिटीचा?

दोन_अटेम्प्टवाली:
कांद्यातून वेळ मिळाला तर माझं ऐका.

2016 साली ओपनची वयोमर्यादा 33 वरून 38 केली तेव्हा मी पुण्यातच होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी पेढे वाटले. मला तेव्हा 23 वर्षं आणि घरून सांगून आलेलं, दोन अटेम्प्ट, मग स्थळं बघायची. आयोगाचा नियम 38 असो नाहीतर 58, आमचा आयोग घरी सोफ्यावर बसलेला. पहिल्या वेळी पूर्व निघाली, मेन्स राहिली. दुसऱ्या वेळी पूर्वच राहिली. तिसऱ्या वेळी साखरपुडा.

आणि गंमत म्हणजे मला कधी कुणी कारण विचारलंच नाही. "मुलगी आहे, चालायचंच." तुम्ही लोक निदान दहा दहा वर्षं कारणं देत बसता, कुणीतरी ऐकून घेतं. मला पाच वर्षं जास्तीची मिळाली असती तर मी पास झाले असते का? माहीत नाही. खरंच माहीत नाही. आता बँकेत लोनच्या फायली करते, समोर बसलेला माणूस हप्ता का थकला ते सांगायला लागला की पहिल्या वाक्यात कळतं खरं काय आणि रचलेलं काय. खरं सांगणारा थोडक्यात सांगतो. चहावाल्या भाऊ, तुमची पोस्ट जरा लांबली आहे.

शास्त्री_रोडचा_चहा:
ताई, लांबली कारण झालंयच तेवढं. थोडक्यात लिहिलं असतं तर पुरावा दे म्हणाले असते.

आणि ठिबकवाले, तुमचं दुकान हायवेला आहे ना? ती जागा कुणाची, वडलांची? मग झालं तर. आमचं दीड एकर, त्यात तीन भावांचा वाटा. "मी सोडलं आणि उभा राहिलो" म्हणताना खाली जमीन कुणाची होती तेवढं पण लिहीत जा.

ठिबकवाला:
वडलांचीच. लिहायला हवं होतं, मान्य. लायसन्ससाठी पैसे पण मामाने दिले, ते पण लिहून टाकतो, होऊ दे एकदाचं. पण जागा 2012 ला पण तिथेच होती राव. सहा वर्षं मी तिच्याकडे बघितलं नाही कारण गावात दुकान टाकलं की "नापास झाला म्हणून आला" असं लोक म्हणतील. ही भीती कुठल्या आयोगाने घातली नव्हती. तू 38 पर्यंत बस, नियमात बसतं. फक्त बसायचं की नाही हे एकदा तू ठरव. तारखेवर सोडू नको, ती मंडळी तारीख देतच राहणार.

मधला_बाक:
गुरुपौर्णिमेला सांगायचं ना हे, फूल आणलं असतं.

शास्त्री_रोडचा_चहा:
मधल्या बाका, तू गप. दादाच्या पोस्टला अंगठा देणाऱ्या चार जणांत तू आहेस हे मला डीपीवरून कळलंय.

बाकी, तो 31 चा आकडा वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. दादाचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही, पास झालेल्या माणसाने नापासांना जबाबदारी शिकवणं ही फुकटची मजा आहे. पण गेल्या वेळचा निकाल लागला तेव्हा मी घरी चार मार्कांनी गेलं म्हणून सांगितलंय. चार नव्हते.

कांदा_चाळ:
किती होते?

शास्त्री_रोडचा_चहा:
तुझा कांदा खरंच दीड हजाराने गेला का ते आधी सांग.

कांदा_चाळ:
1140. घरी दीड हजार सांगितलाय.