सिसिफस खरंच सुखी असेल का?

मुक्तछंद:
फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूचा सिसिफसवरचा १९४२ चा निबंध गेले दोन महिने परत परत वाचतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय, पटलं नाही तर खुशाल भांडा. ग्रीक पुराणातल्या या सिसिफसला देवांनी शिक्षा दिली, दगड डोंगरावर ढकलत न्यायचा, तो गडगडत खाली येणार, की परत ढकलायचा, कायमचं. काम्यूला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दगडामागे खाली उतरणारा सिसिफस, आणि हा माणूस सुखी आहे असंच समजायला हवं असं तो म्हणतो. याउलट फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रला मानणारे सांगतात, जगाला अर्थ नाही ना, मग तुझा तू तयार कर. तिथेच माझं डोकं फिरतं. तीन वर्षं मी ते करून पाहिलंय, ध्येयांची वही घातली, पानंच्या पानं भरली आणि झोप उडाली. ते सोडलं त्या रात्री कितीतरी दिवसांनी नुसता पाऊस ऐकत पडलो होतो.

अनवट:
सार्त्रवर अन्याय करताय. ध्येयांची वही त्याची नव्हेच. १९४५ च्या पॅरिसच्या भाषणात तो आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो, भाऊ १९४० मध्ये जर्मनांच्या हल्ल्यात मेलेला, आई एकटी, त्याच्याच आधारावर जगणारी, आणि याला इंग्लंडला जाऊन लढाईत उतरायचंय. कुठलाही ग्रंथ, कुठलीही नीती त्याला उत्तर देऊ शकत नाही. सार्त्र एवढंच म्हणतो, तू मोकळा आहेस, निवड. यात अर्थ बनवायची हौस कुठे आली? तुम्ही वही बंद केलीत तीही निवडच होती.

सांजवेळ:
मला दोघांचंही पटत नाही. माझे वडील चार वर्षं विस्मरणाच्या आजारात होते. रोज सकाळी मी त्यांना शर्टाची बटणं लावायला शिकवायचे, तिसऱ्या बटणापर्यंत हात यायचा आणि थांबायचा, मग माझ्याकडे बघून विचारायचे, आपण कोण? दुसऱ्या दिवशी परत पहिल्या बटणापासून. त्यामुळे दगड म्हणजे काय हे मला कोणी समजावायला नको. मी सुखी नव्हते, एक दिवसही नाही, आणि तरी ते निरर्थक होतं असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. तुमच्या सिसिफसच्या डोंगरावर दुसरं माणूसच नाहीये हो. दगडाला कोण ढकलतंय याने काही फरक पडत नाही, बाबांना पडत होता. तो अर्थ मी तयार केला नाही की निवडला नाही, ते समोर बसलेले होते.

मुक्तछंद:
वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. डोंगरावर दुसरं कोणी नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काम्यूच्या मात्र पुढे आलं असावं, १९४७ च्या कादंबरीतला त्याचा डॉक्टर म्हणतो की प्लेग म्हणजे न संपणारा पराभव, आणि तरी पेशंटकडे जात राहतो. १९५१ मध्ये तर काम्यू लिहितो, मी बंड करतो, म्हणून आपण आहोत. 'मी'वरून 'आपण'वर आला. फक्त एका गोष्टीवर मी अजून अडून आहे, याला अर्थ का म्हणायचं? माया म्हणा, जबाबदारी म्हणा. अर्थ म्हटलं की बाबा बरे झाले नाहीत मग सगळं वाया गेलं का, हा हिशोब मागोमाग येतोच.

सांजवेळ:
तो हिशोब तुम्ही मांडताय, मी कधीच मांडला नाही. नुसती माया असती तर पहिल्या वर्षातच आटली असती, तितकी मी चांगली नाही.

अनवट:
सांजवेळ, राग मानू नका, पण मग ज्याच्या समोर कोणीच बसलेलं नाही त्याने काय करायचं? त्याला तर निवडावंच लागेल ना?

सांजवेळ:
राग नाही. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, सकाळी हात रिकामे असतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मुक्तछंद, तो खाली उतरतानाचा भाग जरा सविस्तर लिहाल का?