मदत हवी आहे: बोलता न येणाऱ्या भाचीसाठी चित्रांचं ॲप

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडजवळचे. माझी ७ वर्षांची भाची सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू शकत नाही, पण कळतं तिला सगळं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप टॅबवर घेतलंय, चित्र दाबलं की मराठीत बोलतं. अडचण हाताची. हात थरथरतो, 'पाणी' दाबायला जाते आणि भलतंच चित्र दाबलं जातं, मग रडकुंडीला येते बिचारी. बोट नेमक्या चित्रावरच पडावं म्हणून टॅबवर बसवायची, प्रत्येक चित्रावर भोक पाडलेली प्लास्टिकची पट्टी कणकवली-रत्नागिरीकडे कुणी करून देतं का?

पेज, बांगडा, होडी अशी तिची रोजची चित्रं आणि आईचा मालवणी आवाज कुठल्या ॲपमध्ये भरता येईल? ॲपमुळे बोलणं मागे पडतं म्हणून सोडून द्या, असं कृपया सांगू नका. तसं होत नाही.

पावसात वीज जाते, तेव्हा चित्रांचा छापील तक्ताही लागेल. कुणी केला असेल तर फोटो टाका.