तालुकानिहाय नकाशा: खेडचा ठिपका रत्नागिरीत, वेल्हे कोरं

पेठेतला_विश्लेषक:
नमस्कार मंडळी. पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं आकडे आलेखांत आणि नकाशांत दाखवायचं सॉफ्टवेअर) औषध वितरणाचा डॅशबोर्ड करतोय. पुणे जिल्ह्याचे १४ तालुके आणि शहरातले पिनकोड. महिन्याला साधारण ४० हजार ओळी. कॉलम चारच: तालुका, पिनकोड, एकूण ऑर्डर, उशिरा पोचलेल्या ऑर्डर. बबल नकाशावर (प्रत्येक ठिकाणी एक ठिपका) खेडचा ठिपका थेट रत्नागिरी जिल्ह्यात पडतो, शिरूरचाही भरवसा नाही. तालुके रंगवले तर हवेली काळीकुट्ट आणि बाकी सगळं फिकट. वेल्ह्याचा आकार कोराच राहतो, डेटा असूनही. साहेबांना नकाशाच हवाय. कुठून सुरुवात करू?

मावळ_जीआयएस:
नुसतं ‘खेड’ दिलंत तर नकाशाने कोणतं घ्यायचं? रत्नागिरीतही खेड आहे, साताऱ्यातही औंध आहे, आणि पिंपरी नावाची गावं तर मोजू नका. ‘खेड, पुणे, महाराष्ट्र, भारत’ असा जोडकॉलम केलात की बरंच सुधारेल, पण पक्का उपाय वेगळा: ठिकाणांची एक छोटी मास्टर टेबल करा. प्रत्येक तालुका आणि पिनकोड एकदाच, समोर अक्षांश-रेखांश. राजगुरुनगरला, म्हणजे खेड तालुक्याच्या मुख्य गावाला, १८.८५ आणि ७३.८९ हे आकडे दिले की नावावरून शोधाशोध होतच नाही. दोन्ही कॉलमची डेटा कॅटेगरी अनुक्रमे ‘लॅटिट्यूड’ आणि ‘लाँजिट्यूड’ करा, आणि समरायझेशन ‘डोन्ट समराइझ’. हे विसरलं की अक्षांशांची बेरीज होते, बेरीज ९० च्या वर गेली की ठिपका गायब.

पिनकोड टेक्स्टच ठेवा. एक्सेलमधून येताना ‘४११०३८’, ‘४११ ०३८’ आणि शेवटी स्पेस चिकटलेला, असे तीन अवतार होतात. सगळ्या जागा काढा, लांबी ६ आहे का ते तपासा, मगच जोडणी.

आता वेल्हे. तालुक्याचं नाव राजगड झालंय. तुमच्या टेबलमध्ये एक नाव असेल, नकाशाच्या फाइलमध्ये दुसरं. शेप मॅप (तालुक्यांचे आकार रंगवणारा नकाशा) अशा वेळी एरर देत नाही, गुपचूप कोरा आकार दाखवतो. मॅप सेटिंगमध्ये फाइलमधल्या ‘की’ (प्रत्येक आकाराचं नाव किंवा कोड) बघता येतात, त्या शेजारी ठेवून जुळवा. शक्यतो नावावर जोडूच नका, कोडवर जोडा.

शेप मॅपला टोपोजेसन (हद्दी साठवायचा एक फाइल प्रकार) लागतं. शेपफाइल (जीआयएसची नेहमीची नकाशा फाइल) मॅपशेपर या ऑनलाइन साधनात टाका, सिम्प्लिफाय (हद्दीच्या रेषा सोप्या करणं) १० टक्क्यांच्या आसपास, ‘प्रिव्हेंट शेप रिमूव्हल’वर टिक, मग टोपोजेसन एक्सपोर्ट. शेजारच्या तालुक्यांची सामाईक हद्द तिथे एकत्रच सोपी होते, मध्ये फटी पडत नाहीत.

आकडेवाला_सिंहगडरोड:
हवेलीच्या रंगात नकाशाचा दोष नाही. पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग हवेलीत, मग ऑर्डर तिथेच जास्त असणार. एकूण ऑर्डर रंगवल्या की लोक कुठे राहतात एवढंच कळतं, आणि ते साहेबांना आधीच माहीत आहे. रंगाला दर द्या. समजा हवेलीत ९,००० पैकी ४५० उशिरा, म्हणजे ५ टक्के. राजगडमध्ये ६० पैकी ९, म्हणजे १५. चित्र लगेच उलटतं. मेझरमध्ये (पॉवर बीआयमधलं हिशेबाचं सूत्र) उशिराची बेरीज भागिले एकूण ऑर्डरची बेरीज असं करा. ओळीओळीचे टक्के काढून त्यांची सरासरी घेतलीत तर चुकेल.

एक अट घाला: ३० पेक्षा कमी ऑर्डर असलेला तालुका राखाडी. ७ पैकी २ उशिरा म्हणजे जवळपास २९ टक्के, आणि त्यावर बैठक बोलावली जाते.

रंगाचे पाच टप्पे, एकाच छटेत फिकट ते गडद. लाल-हिरवं नको, रंगांधांना ते सारखंच दिसतं. टप्प्यांच्या हद्दी कायमच्या ठरवून ठेवा: ०-३, ३-६, ६-१०, १०-१५, १५ च्या वर. आपोआप ठरू दिल्यात तर जूनचा गडद आणि जुलैचा गडद वेगळा निघतो आणि तुलना गेली.

पुणे शहर तालुका बारीकच दिसणार, त्याला इलाज नाही. शहराचा पिनकोडनिहाय बबल नकाशा शेजारी वेगळा द्या. वाकड आणि हिंजवडी दोन्ही ४११०५७ मध्येच येतात, तेव्हा त्या बबलवर एकच गावाचं नाव लिहू नका.

स्पष्टच_बोलतो:
१४ तालुक्यांसाठी नकाशा हवाच कशाला? दराप्रमाणे उतरता लावलेला बार चार्ट दोन सेकंदांत वाचता येतो. नकाशा तेव्हाच, जेव्हा शेजारधर्म महत्त्वाचा असतो: मुळशी, राजगड आणि भोर सलग गडद दिसले, तर घाटातला रस्ता किंवा एकच डेपो हे कारण निघू शकतं. साहेबांचा हट्ट असेल तर नकाशा डावीकडे, बार उजवीकडे, आणि एकावर क्लिक केलं की दुसरं फिल्टर.

पेठेतला_विश्लेषक:
आभार. नाव कोडवर आणल्यावर राजगड रंगलं. पण मास्टर टेबल जोडल्यावर आता सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! आणि साहेबांना पुढे पूर्ण राज्य हवंय.

मावळ_जीआयएस:
अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. ७३.८६ हा अक्षांश धरला तर तिथेच जाणार. जिओजेसनमध्ये (नकाशाचा आणखी एक फाइल प्रकार) आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो, तिथून उचलताना हे हमखास होतं. चाळणी लावा: अक्षांश १७.५ ते १९.५, रेखांश ७३ ते ७५.५; बाहेर गेलेली ओळ लाल.

राज्यासाठी २०११ च्या जनगणनेची फाइल घेतलीत तर ३५ जिल्हेच मिळतील. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्याच्या ओळी कुठेच जोडल्या जाणार नाहीत. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही जुनी नावंही त्यात असतील. त्या फाइलमध्ये पुण्याचा कोड ५२१ आहे. तो इतर सरकारी याद्यांतल्या कोडशी जुळेलच असं नाही, तेव्हा कोणती यादी वापरली ते कॉलमच्या नावातच लिहून ठेवा.